अळणी

अर्धी गोळी होती ती. फिकट गुलाबी, एका कडेनं विरघळून पुन्हा वाळलेली, तांदळाच्या डब्याच्या बुडाशी फरशीला अशी घट्ट बसलेली की केरसुणीला दाद देईना. रुक्मिणीनं ती नखानं खरवडली तेव्हा तिच्याबरोबर दह्याचा पिवळा पडलेला पापुद्राही सुटून आला. पडली असेल हातून एखादी, आपण तरी काय कमी धांदरट आहोत—असं म्हणत तिनं डबा जरा तिरका केला आणि तिचा हात डब्याच्या कडेलाच राहिला. डब्यामागे, भिंतीच्या सांदीत, कांडी मांजरीच्या गोणपाटाच्या घडीत, जिथे बघावं तिथे गोळ्याच होत्या... काही शितांना चिकटलेल्या, काहींना मुंग्या लागून गेलेल्या, काहींचा नुसता गुलाबी डाग उरलेला.

गोणपाटावर बसलेली कांडी तिच्याकडे बघत होती. बघत होती म्हणजे डोळे उघडे होते, एवढंच.

म्हणजे गोळी पोटात गेलीच नाही? एकही? रुक्मिणी तशीच उकिडवी बसून राहिली. सोमवारच्या उपासानं आधीच डोकं हलकं झालेलं, त्यात हे. श्रावण लागल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ ही मांजर तिच्यासमोर ताटलीतला दहीभात चिवडत होती, आणि मग डब्यामागे जाऊन गोळी तेवढी थुंकून टाकत होती. आणि मी? मी शेजारीपाजारी सांगत सुटले होते की औषध लागू पडलं, माझी कांडी आता कशी शांत झाली आहे.

पण मग, गोळी पोटात नव्हती तर ती शांत कशानं झाली?

हा प्रश्न आला आणि तिनं हातातली गोळी पदराच्या गाठीत बांधली. मग बाकीच्याही एकेक करून वेचल्या.

कांडी खरं तर काशीरामची, तिच्या नवऱ्याची. तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता तेव्हा लूम खात्यात सुताच्या पेट्यांमागे एक मांजरी व्याली, आणि तिचं हे पिल्लू तो जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी घेऊन आला. सुताच्या कांडीएवढं होतं, म्हणून कांडी. पुढे संप झाला, गिरणी गेली, परळची खोली गेली, चारकोपच्या सेक्टरातलं हे बैठं घर आलं, आणि काशीराम इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत प्लास्टिकच्या एका कारखान्याच्या फाटकाशी स्टूल टाकून बसू लागला. सगळं बदललं, कांडी तेवढी बरोबर आली.

गेल्या साली ती वखवखल्यासारखी खायला लागली. उंदीर, पाली, भाकरी, ओट्यावरून खाली पडलेलं काहीही... आणि जेवढी खाई तेवढी वाळत जाई. रात्रभर घरभर फिरे आणि असा गळा काढी की पलीकडच्या ओळीतले दिवे लागत. आणि काशीराम जागाच असे. तोही फिरे. संप मोडल्यापासून त्याच्या अंगात नुसती आग भरली होती. कढीत तिरफळ कमी पडलं म्हणून ताट भिंतीवर, मीठ जास्त झालं म्हणून ताट भिंतीवर, कुणी गिरणीचं नाव काढलं म्हणून आणि कुणी काढलं नाही म्हणूनही. भिंतीवरचे आमटीचे ओघळ पुसून पुसून रंगाचा पार ढवळा पट्टा झाला होता. घरात दोघं एकसारखी, एक तोंडानं ओरडते आणि एक ताटानं... रुक्मिणी मग उशीत तोंड खुपसून गावच्या रवळनाथाला आळवी, देवा महाराजा, ह्या माणसाला शांत कर, तुला कोंबडा देईन, नारळाचं तोरण बांधीन.

कांडीला डॉक्टरकडे न्यायची कल्पना काशीरामचीच. मांजराला कसला डॉक्टर म्हणून सगळी ओळ हसली. तो म्हणाला, "साच्याक तेल घालतंव मा? मगे?" बोरिवलीला तबेल्यांच्या गल्लीत विद्याधर डॉक्टर आहेत, त्यांचा सगळा दिवस म्हशींत जातो, पण त्यांनी कांडीचा गळा चाचपला, छातीला नळी लावली आणि सांगितलं की गळ्यातली गाठ नको तितकं काम करतेय, अंगातली भट्टी जोरात पेटलीय, खाल्लेलं सगळं जळून जातंय. गोळी माणसांचीच, याच आजाराची. सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी, जन्मभर, एक दिवस चुकवायची नाही.

आणि तो चुकवत नसे. मांडीवर कांडीला घेई, डाव्या हातानं जबडा उघडी, आणि उजव्या हाताचं बोट इतक्या अलगद आत जाऊन बाहेर येई की कांडीलाही पत्ता लागत नसे. धोट्याच्या भोकातून सूत काढायची सवय त्या बोटांना. शिमग्यापासून कांडी भरायला लागली, रात्रीचं ओरडणं थांबलं, पाठीवर पुन्हा मांस धरलं. औषधाचा गुण आला होता, खोटं कशाला बोलू, खरोखरच आला होता.

मग कधी तरी ते काम रुक्मिणीकडे आलं. तिला कुठला मांजराच्या जबड्यात बोट घालायचा धीर! तिनं आपली युक्ती काढली. मांदेलीच्या पोटात, बोंबलाच्या तुकड्यात गोळी दडवायची, कांडी ती न चावता गट्ट करी. गटारीपर्यंत असंच चाललं. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला, तिनं सुक्या मासळीचा डबा फडक्यात बांधून माळ्यावर टाकला, भांडी राखेनं घासून घेतली, आणि गोळी दहीभातात कालवली. मांजर झाली म्हणून काय, श्रावणात या घरात मासा शिजणार थोडाच होता. तिला ते इतकं सरळ वाटलं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही असेल हेच मनात आलं नाही.

तिनं कांडीला उचललं. हाताला नुसत्या बरगड्या लागल्या. काल लागल्या नव्हत्या का? परवा? रोज हात फिरवत होते मी हिच्या अंगावरून...

रिक्षात पिशवीतून कांडीनं डोकंसुद्धा वर काढलं नाही. पूर्वी रिक्षा सुरू झाली की ती पिशवी फाडायला निघे.

विद्याधर डॉक्टरांनी कांडीला टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ नळी लावून ऐकत राहिले. दारात एक भय्या म्हशीची तक्रार घेऊन उभा होता, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. रुक्मिणीनं पदराच्या गाठीतल्या त्या चिकट गोळ्या टेबलावर काढून ठेवल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे काय बाई?"

"थुंकत होती ती. मला आज कळलं."

"आणि तोवर तुमच्या काहीच लक्षात आलं नाही? खाणं? चालणं?"

"शांत झाली होती, डॉक्टर. ओरडत नव्हती, फिरत नव्हती. मला वाटलं, आता पुरती बरी झाली."

"शांत झाली म्हणजे बरी झाली, असं कुणी सांगितलं तुम्हांला?" डॉक्टरांचा आवाज चढला. "अहो, दमलीय ती. आतून दमलीय. काळीज किती धावतंय बघा, हात लावा इथे. ओरडत होती तेव्हा निदान अंगात ओरडायची ताकद तरी होती. या आजारात कधी कधी असं होतं, जनावर एकदम गप्प होतं, आणि घरचे म्हणतात, वा, झकास."

रुक्मिणीनं हात लावला. बोटांखाली काहीतरी इतकं भरभर चाललं होतं की ठोके वेगळे लागत नव्हते, नुसती थरथर. आणि वर तो चेहरा... अर्धे मिटलेले डोळे, मिशासुद्धा हलत नव्हत्या. वरून इतकं निवांत आणि आत हे असं? तिनं हात झटकन काढून घेतला, तापल्या तव्याला लागावा तसा.

"मांजरांत हे असतं हे आम्हांलाही आत्ता आत्ता कळायला लागलंय," डॉक्टर जरा निवळले. "पूर्वी सरळ म्हणायचे, म्हातारी झाली, सोडून द्या. आज संध्याकाळपासून गोळी पुन्हा सुरू. पण मीठ नको, मिठाचा कण नको, काळजावर ताण आलाय. सुकी मासळी बंद. ताजा मासा, नुसता पाण्यात उकडलेला."

"श्रावण आहे, डॉक्टर."

"तुम्हांला आहे. हिला विचारलंत का?" ते नळाखाली हात धुवायला लागले. "वाचेल की नाही आत्ता नाही सांगत. गोळी पोटात राहिली तर बघू. बाकी मिस्टर द्यायचे ना गोळी? त्यांचा हात फार चांगला होता. माझ्याशी भांडायचे, पण हात चांगला. त्यांनी का सोडलं?"

"कामावर असतात," रुक्मिणी म्हणाली.

पण हे उत्तर नव्हतं. काशीराम तेव्हाही कामावरच असे, सकाळी जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर गोळी देई. परतीच्या रिक्षात पिशवी मांडीवर घट्ट धरून ती तेच शोधत राहिली... कधी सोडलं? वटपौर्णिमेच्या आसपास. हो, वडाची पूजा करून ती आली होती, फणसाचे गरे ताटलीत काढत होती, आणि तो कामावरून येऊन खाली बसला होता. कांडी मांडीवर होती. गोळी तळहातावर होती. तो त्या गोळीकडे पाहत होता, खूप वेळ पाहत होता, आपण हातात हे काय धरलंय आणि कशासाठी हे आठवत नसल्यासारखा. मग गोळी त्यानं जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, "तूच दी." आणि भिंतीला टेकून बसला. एवढंच. त्या दिवशी कारखान्यात काय झालं होतं? कुणी काय बोललं होतं? मी विचारलं नाही. का विचारलं नाही... कारण त्या दिवशी ताट उडालं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला तरी नाही. माझा जीव भांड्यात पडला होता. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी खुशीत होते, आणि रवळनाथाला मनातल्या मनात सांगत होते की दिवाळीत येते, कोंबडा घेऊन येते.

रिक्षा गचका खाऊन थांबली तेव्हा तिला कळलं की आपण पिशवी फारच आवळून धरली आहे.

मासा कुठे मिळणार? नारळी पौर्णिमा अजून व्हायची होती, होड्या ओढून ठेवलेल्या, खाडीचं काही आलं तर आलं, आणि श्रावणी सोमवारी बाजारात जाऊन कोळणीसमोर उभं राहायचं म्हणजे उद्या सगळ्या सेक्टरात ओरड. शेवटी ती शांताबाईच्या दाराशी गेली. शांताबाई पलीकडच्या ओळीतली, नगरकडची, बुद्ध विहारात सगळ्यांच्या पुढे असणारी. तिची मुलं कधी वाटीभर साखर आणून देत, तीही रुक्मिणी वेगळ्या डब्यात ठेवी. कधी बोलली नव्हती, पण ठेवी. आज त्याच घरात मासा मागायचा होता.

"अवो, घ्या की!" शांताबाईनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "आता तासाभरापूर्वी खाडीवरची बोयटं आणलीत पोरानं. मी न्हाई खात सध्या, वर्षावास हाय, पोरं खात्यात. मांजराच्या जिवाला कसला आलाय श्रावण?"

तिनं दोन बोयी साफ करून केळीच्या पानात बांधून दिल्या. वास घराबाहेर आला तसा रुक्मिणीनं पुडा पदराखाली घेतला.

"आन् तुमचं मालक बरं हायत ना?" शांताबाईनं दारातून विचारलं. "पयल्यांदा कसा आवाज आमच्या मोरीपतूर यायचा. आताशा काय आवाजच न्हाई. मी म्हनलं ह्यास्नी, देव पावला बाई त्या रुक्मिणीबाईस्नी."

"बरं आहे," रुक्मिणी म्हणाली. "आता बरं आहे सगळं."

बोलली आणि मधल्या बोळात उभीच राहिली. हेच, अगदी ह्याच आवाजात, ती आज सकाळपर्यंत कांडीबद्दल सांगत होती.

नाही नाही, काहीतरीच. माणूस आणि मांजर एक का? माणूस दमतो, वय होतं, समजूत येते. पन्नाशी उलटल्यावर किती दिवस ताटं फेकणार? रोज कामावर जातो, पगार हातावर ठेवतो, वाढलेलं जेवतो, झोपतो... झोपतो ना? की नुसता डोळे मिटून पडतो? तिनं कधी छातीवर हात ठेवून पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं जुना ॲल्युमिनियमचा टोप काढला, स्टो पेटवला आणि पाण्यात बोयी सोडल्या. श्रावणात, सोमवारी, स्वतःच्या हातानं. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला काळ्या वाटाण्याचं सांबारं झाकून ठेवलेलं, उपास सोडायला केलेलं, देवाजवळ बेलाची पानं. माशाचा वास वाफेबरोबर वर चढला आणि घरभर झाला, देवाच्या फोटोपर्यंत गेला. आता हा घरी येणार, दारातच थांबणार, नाक वर करणार... काशीरामनं श्रावण कधी मोडला नव्हता. संपात घरात तांदळाचा दाणा नव्हता, शेजाऱ्यानं माशाचं कालवण पाठवलं होतं, तेव्हाही त्यानं मोडला नव्हता. भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली होती. त्याला काय सांगायचं हे ती मनात जुळवत राहिली. कांडीसाठी आहे. डॉक्टरांनी सांगितलं. टोप उद्या टाकून देते.

तिला भीती वाटत होती. आणि भीतीच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, जे तिला ओळखू येत नव्हतं.

मागच्या पडवीत ती कांडीला घेऊन बसली. माशाचा तुकडा हुंगून कांडीनं तोंड फिरवलं. माशालाही! मग रुक्मिणीनं डाव्या हातानं तिचा जबडा उघडला, जसा तो उघडायचा, आणि बोट आत घातलं. ती चाव्याची वाट बघत होती, डोळे मिटून, दात आवळून. चावा आला नाही. कांडीनं तोंड नुसतं उघडं राहू दिलं. गोळी घशाशी गेली, गळा हळूच खालीवर झाला, बोट ओलं होऊन सुखरूप परत आलं. चाव गं, एकदा तरी चाव... रुक्मिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं. कांडीला मांडीवर धरून ती कितीतरी वेळ तशीच बसली. गोळी पुन्हा बाहेर येते की काय हे बघायचं होतं. आली नाही.

आत भांड्याचा आवाज झाला तेव्हा तिला कळलं, तो आला आहे. ऊन अजून दारात होतं. कांडीला गोणपाटावर ठेवून, डोळे पुसत, मनात जुळवलेली वाक्यं घोळवत ती आत आली.

काशीराम हातपाय धुऊन पाटावर बसला होता. तिनं वाढण्याची वाट त्यानं पाहिली नव्हती. भात त्यानं स्वतःच घेतला होता, आणि ओट्यावर जो टोप हाताला पहिल्यांदा लागला तोच पुढ्यात ओढला होता. सांबाऱ्याचं झाकण जसंच्या तसं होतं. बेलाची पानंही जशीच्या तशी. तो जेवत होता. बोयीचं पांढरं पाणी भातावर घेऊन, मासा मोडून, एकेक घास. आणि तोंडातून काटा निघाला की तो चिमटीत धरून ताटाच्या कडेला ठेवत होता, शेजारी शेजारी, नीट, साच्यावर धागे लावावेत तसे. हाताला कळत होतं की हा मासा आहे. हाताला कळत होतं, आणि त्याला नाही.

रुक्मिणी उंबऱ्यावर थिजली.

"अवो," ती म्हणाली. "आज सोमार..."

त्यानं वर पाहिलं. अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी, तिच्याकडे, किंवा तिच्या मागच्या भिंतीकडे. "हूं," म्हणाला आणि पुढचा घास घेतला.

तिरफळ कमी म्हणून कढी भिंतीवर मारणारा माणूस. हळद नाही, तिखट नाही, कोकमाचं एक साल नाही, असलं मांजराचं कालवण तो खात होता, आणि त्याच्या कपाळावर एक आठी उमटत नव्हती. कधीपासून असं आहे? मी काहीही वाढलं असतं तरी त्यानं खाल्लं असतं का? जूनपासून मी जे जे वाढलं, आणि तो निमूट जेवतोय म्हणून धन्य झाले, त्यातलं काय काय ह्याच्या जिभेला कळलं होतं? देवा, मी तुझ्याकडे काय मागितलं आणि तू मला हे काय दिलंस?

मागितलं होतं तेच दिलं होतं.

"मीठ व्हया?" तिनं विचारलं. मिठाची बरणी तिच्या हातात कधी आली होती कोण जाणे.

"नको," काशीराम म्हणाला. "बरा आसा."

भिंतीवरचा तो ढवळा पट्टा त्याच्या डोक्यामागे होता. रुक्मिणी त्याच्याकडे बघत राहिली. उचल, तिला वाटलं, उचल ते ताट. श्रावणात मासे रांधलेस म्हणून माझ्या आईबापाचा उद्धार कर, टोप लाथेनं उडव, सगळी ओळ गोळा होऊ दे, शांताबाईच्या मोरीपर्यंत जाऊ दे आवाज... त्याच्या शर्टाच्या आत छातीत काय चाललं असेल, किती भरभर, हे हात लावून बघायला हवं होतं, आणि तेवढी तीन पावलं टाकायचं बळ तिच्यात नव्हतं.

"वायच भात दी," तो म्हणाला.

तिनं भात वाढला. आणि ताट भिंतीवर आदळल्याचा आवाज येईल म्हणून, कान लावून, त्याच्यासमोर उभी राहिली.